पूर्ण ऐकणे हीच बिदागी



१९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांनी ध्वनिमुद्रण केले. सुमारे तीन मिनिटांत गाणे आटोपायचे आणि शेवटी आपले नाव इंग्रजीत सांगायचे, अशी त्यांची रीत. तबकड्या जर्मनीत घडत. नाव कुणाचे छापायचे, ते तिथे कळायला हवे.

२००५ साली यूट्यूब आले. तिथे आता वेळेचे हे बंधन नाही. इंग्लंडमधला दरबार महोत्सव आपल्या मैफली तिथे उत्तम चित्रणासह ठेवतो. २०२०च्या टाळेबंदीत तर कित्येक कलावंतांची घरेच व्यासपीठे झाली.

माझ्या दवाखान्यात घसा बसलेली एक तरुण गायिका आली. म्हणाली, "डॉक्टरकाका, लोक अर्ध्या मिनिटात पुढे सरकतात. म्हणून हल्ली आलाप सोडून थेट तानेवर येते." मी खजील झालो. रोग्याचे सगळे बोलणे ऐकल्याशिवाय आम्ही औषध काढत नाही. पण तिचे गाणे मी वीस सेकंद ऐकून अंगठा दाबला होता.

जाहिरातीतला वाटा मिळायला १००० सदस्य लागतात आणि लांब चित्रफितींचे वर्षभरात ४००० तास पाहणे. म्हणजे तासाभराची मैफल चार हजार जणांनी पूर्ण ऐकायची. नुसत्या अंगठ्यांनी हे तास भरत नाहीत.

तेव्हा आज घरी गेल्यावर आपल्या गावातल्या एखाद्या कलावंताचा एक ख्याल शेवटपर्यंत ऐका. आवडला, तर गणेशोत्सवात त्याला बोलवा आणि बिदागी हातात द्या.