पदपथावरून पक्क्या घरांत

घर नसणें आणि संसार नसणें या दोन गोष्टी एक नव्हेत. मुंबईंत भायखळ्याच्या आसपास, रस्त्याकडेच्या भिंतीला टेकून उभ्या केलेल्या झोंपड्यांत ज्या बायकांनीं वर्षानुवर्षें चूल पेटविली, मुलींचीं लग्नें लावून दिलीं आणि नातवंडें खेळविलीं, त्यांचा संसार चाळींतल्या संसाराहून फारसा निराळा नव्हता. उणीव होती ती एका गोष्टीची. त्या संसाराला पत्ता नव्हता. पत्ता नाहीं म्हणून शिधापत्रिका नाहीं, शिधापत्रिका नाहीं म्हणून पुरावा नाहीं, आणि पुरावा नाहीं म्हणून पत्ता मिळण्याची आशा नाहीं, असें हें चक्र होतें. तें चक्र कसें भेदलें गेलें, आणि भेदतां भेदतां काय काय गमवावें लागलें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

पदपथावर राहणारा मनुष्य म्हणजे भिकारी किंवा उडाणटप्पू, अशी सुशिक्षितांची एक सोयीची समजूत आहे. वस्तुस्थिति तशी नाहीं. हातगाडी ओढणारे, गोदींत ओझीं वाहणारे, भाजीच्या टोपल्या घेऊन बसणाऱ्या, दुसऱ्यांच्या घरचीं भांडीं घांसणाऱ्या, अशा कष्टकऱ्यांचाच त्यांत भरणा होता. दुष्काळानें किंवा कर्जानें गांव सुटलेलें, आणि शहरांत खोलीचें भाडें परवडण्याजोगें नाहीं, अशा पेंचांत सांपडलेल्या माणसाला कामाच्या जागेजवळचा पदपथच उरतो. पायीं कामावर जातां येतें, गाडीभाडें वांचतें, आणि पहांटेच्या बाजाराला वेळेवर पोंचतां येतें. त्यांनीं निवडलेली जागा अविचाराची नव्हती. ती पोटाच्या हिशेबानें निवडलेली होती.

१३ जुलै १९८१ रोजीं त्या वेळचे मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले यांनीं घोषणा केली कीं, मुंबईंतील पदपथवासीयांना तेथून हलवून त्यांच्या मूळ गांवीं पाठवून द्यावें. दिवस भर पावसाळ्याचे होते. पत्रकार ऑल्गा टेलिस आणि पदपथांवर व झोंपड्यांत राहणारीं कांहीं माणसें यांनीं या हुकुमाविरुद्ध न्यायालयांत धाव घेतली. सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायमूर्तींनीं, सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालीं, १० जुलै १९८५ रोजीं निकाल दिला. राज्यघटनेच्या २१ व्या कलमांतील जीविताच्या हक्कांत उपजीविकेचा हक्क अंतर्भूत आहे, हें तत्त्व त्या निकालांत मान्य झालें, आणि त्या एका वाक्यासाठीं हा निकाल आजहि कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकविला जातो.

परंतु निकालाची दुसरी बाजूहि तितकीच ध्यानांत घेतली पाहिजे. पदपथ हे चालणारांसाठीं आहेत, आणि १८८८ च्या महानगरपालिका कायद्याच्या ३१४ व्या कलमाखालीं ते मोकळे करण्याचा पालिकेचा अधिकार वैध आहे, असेंहि न्यायालयानें ठरविलें. पावसाळा संपून ३१ ऑक्टोबर १९८५ उलटेपर्यंत कोणाला हलवूं नये, एवढी सवलत मिळाली. १९७६ च्या गणनेंत ज्यांची नोंद झाली होती अशा पदपथवासीयांना मालवणीसारख्या ठिकाणीं पर्यायी जागा द्यावी, असें सांगितलें गेलें. मात्र ती दिल्यावांचून हलवूं नये, अशी अट घातली गेली नाहीं. म्हणजे हक्क मान्य झाला आणि झोंपडी मात्र गेली! तत्त्व जिंकलें तरी चूल विझूं शकते, हें त्या बायकांना त्या वर्षीं उमगलें.

या प्रसंगीं भायखळ्यांत नुकतीच स्थापन झालेली ‘स्पार्क’ नांवाची संस्था पुढें आली. शीला पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८४ मध्यें ती सुरू केली होती. सरकारच्या गणनेंत पदपथवासीयांना स्थान नव्हतें, तेव्हां त्यांची मोजणी प्रथम झाली पाहिजे, असें संस्थेनें ठरविलें. १९८५ मध्यें सुमारें ६,००० कुटुंबांची पाहणी करून तिचा वृत्तांत प्रसिद्ध करण्यांत आला. त्याला दिलेल्या नांवाचा आशय ‘आम्ही अदृश्य’ असा होता. मोजणी ही वरवर पाहतां कोरडी गोष्ट वाटते. परंतु ज्याला कोणी मोजीत नाहीं, त्याच्यासाठीं कोणी योजनाहि आंखीत नाहीं.

पुढल्याच वर्षीं, १९८६ मध्यें, याच रस्त्यांवरील बायकांनीं ‘महिला मिलन’ ही संघटना उभारली. झोंपडपट्टीवासीयांच्या राष्ट्रीय संघटनेचे नेते जॉकिन अर्पुथम हेहि या कार्याशीं जोडले गेले. त्यांना स्वतःला हा अनुभव नवा नव्हता. मानखुर्दजवळची त्यांची जनता कॉलनी १९७६ मध्यें, आणीबाणीच्या काळांत, पाडली गेली होती आणि तेथील हजारों रहिवाशांना चिता कॅम्पांत जावें लागलें होतें. २००० सालीं त्यांना मॅगसेसे पारितोषिक मिळालें, आणि २०१८ मध्यें ते निवर्तले.

महिला मिलनच्या बायकांनीं आरंभ केला तो शिधापत्रिकेपासून. मग बचत. रोज हातांत येईल तें एखाद-दुसरें नाणें एका बाईनें दारोदार फिरून गोळा करावयाचें आणि त्याचा हिशेब ठेवावयाचा. अक्षरओळख नसलेल्या बायकांनीं हा व्यवहार चोख संभाळला. त्यानंतर त्या मोकळ्या जागा पाहावयास निघाल्या. ‘शहरांत जागाच नाहीं’ असें त्यांना सांगितलें जाई. विकास आराखड्यांत गरिबांच्या घरांसाठीं राखून ठेवलेल्या जागा त्यांनीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिल्या. आपल्याकडे ‘घर पाहावें बांधून’ अशी म्हण आहे. या बायकांनीं तें अक्षरशः केलें. साडीच्या लांबीनें खोलीचें माप घेतलें आणि लांकूड व कापड यांची पुऱ्या आकाराची प्रतिकृति उभी करून पाहिली. खोली लहान असली तरी चालेल, परंतु छप्पर चौदा फूट उंच असावें, म्हणजे पोटमाळा काढतां येईल, हा त्यांचा निष्कर्ष कोण्या स्थापत्यविशारदाचा नव्हता. दाटींत दिवस काढलेल्या गृहिणीचा तो हिशेब होता.

एवढी तयारी होऊनहि घर लगेच आलें नाहीं. १९९५ पर्यंत पदपथवासी हा पुनर्वसनाच्या कोणत्याच योजनेंत बसत नव्हता. त्या वर्षीं महाराष्ट्र सरकारनें झोंपडपट्टी पुनर्वसन योजना आंखली, त्यासाठीं स्वतंत्र प्राधिकरण नेमलें, आणि १ जानेवारी १९९५ पूर्वीं राहत असलेल्या पदपथवासीयांनाहि पात्र ठरविलें. हें पाऊल मोठें होतें, यांत शंका नाहीं. पात्र कुटुंबाला २२५ चौरस फुटांची खोली विनामूल्य मिळावयाची होती. पुढें २००८ मध्यें हें क्षेत्र २६९ चौरस फूट झालें आणि त्यानंतर ३०० वर गेलें.

परंतु योजनेचें यंत्र कसें चालतें तें पाहिलें म्हणजे त्यांतील वैगुण्य दिसूं लागतें. बांधकाम करणारानें झोंपडीवासीयांना फुकट खोल्या द्यावयाच्या आणि त्याच्या मोबदल्यांत जास्तीचें बांधकाम करून तें खुल्या बाजारांत विकावयाचें, असा हा सौदा आहे. त्यामुळें जेथें जमिनीला मोल आहे, तेथें कंत्राटदार धांवत येतो; जेथें नाहीं, तेथें कोणी फिरकत नाहीं. पदपथवासीयाच्या पायांखालीं तर जमीनच नसते, रस्ता असतो. रस्त्यावर इमारत उठविता येत नाहीं. म्हणून त्याला घर मिळावयाचें तें दुसरीकडेच, सरकारनें जागा दिली तर आणि देईल तेव्हां. सर्वांत गरीब मनुष्य योजनेच्या सर्वांत शेवटच्या टोंकाला उभा राहतो, तो असा.

दुसरें वैगुण्य पुराव्याचें. अमुक तारखेपूर्वीं येथें राहत होतों, हें कागदानें सिद्ध करावें लागतें. आतां कागद टिकतो तो कपाटांत, आणि कपाट राहतें तें भिंतींच्या आड. पालिकेची गाडी आली म्हणजे भांडीं, अंथरुणें आणि कागद एकाच ढिगांत जात. ज्याचें बिऱ्हाड जितक्या वेळां मोडलें, त्याच्याजवळ पुरावा तितका कमी! वास्तविक ज्याला पुष्कळ वेळां हुसकलें गेलें, त्याचेंच वास्तव्य जुनें असण्याचा संभव अधिक. पण कारकुनाच्या तक्त्यांत अशा पुराव्याला रकाना नसतो. येथेंच १९८५ च्या त्या पाहणीचा आणि बायकांनीं जपलेल्या याद्यांचा उपयोग झाला.

अशा रीतीनें एकविसाव्या शतकांत मानखुर्दला मिलन नगर ही वसाहत उभी राहिली, आणि पदपथावरचीं कुटुंबें पक्क्या घरांत गेलीं. दाराला कडी, नळाला पाणी आणि स्वतंत्र शौचकूप या तीन गोष्टींचें मोल ज्यानें तीं जन्मभर उपभोगलीं त्याला समजावयाचें नाहीं. वयांत आलेल्या मुलीला दार लावून अंघोळ करतां येणें, आणि पावसाच्या रात्रीं सर्वांना एकाच वेळीं झोंप लागणें, हाच त्या बायकांच्या दृष्टीनें सर्वांत मोठा लाभ होय.

तरीहि किल्ली हातीं आली म्हणजे सर्व कांहीं साधलें असें नाहीं. भायखळ्याचा बाजार पायांखालचा होता. मानखुर्दहून तेथें यावयाचें तर कुर्ल्यास गाडी बदलावी लागते. घरकामाला जाणाऱ्या बाईचीं दोन घरें त्या प्रवासांतच सुटतात. पदपथावर भाडें नव्हतें. इमारतींत विजेचें बिल, पाणीपट्टी आणि देखभालीची वर्गणी दरमहा भरावी लागते. पुनर्वसनाच्या इमारतींसाठीं दर खोलीमागें २०,००० रुपयांची ठेव बांधणारानें ठेवावी, असा नियम केला गेला. परंतु उद्वाहन एकदां बिघडलें कीं तेवढ्या ठेवीचें व्याज कितीसें पुरणार?

शहरांतील रेल्वे आणि रस्ते यांच्या सुधारणेसाठीं ज्यांना हलविलें गेलें, त्यांचा अनुभव याहून कडू आहे. मानखुर्दचें लल्लुभाई कंपाउंड आणि गोवंडीचें नटवर पारेख कंपाउंड येथें इमारती इतक्या जवळ उभ्या केल्या गेल्या कीं, खालच्या मजल्यांना ऊन आणि वारा दुर्मिळ झाला. या वसाहतींच्या २०१८ मधील पाहणींत उजेडवाऱ्याचा अभाव आणि क्षयरोग यांचा संबंध दिसून आला. पुनर्वसनांतील दोषांविषयीं रहिवाशांच्या तक्रारी जागतिक बँकेपर्यंत पोंचल्या, आणि २००६ मध्यें बँकेनें त्या प्रकल्पाच्या कांहीं भागाचे पैसे कांहीं महिने थांबविले. उघड्यावरचा मनुष्य छपराखालीं आला आणि हवेला मुकला, याला पुनर्वसन म्हणणें कठीण आहे.

येथें एक आक्षेप नेहमीं घेतला जातो कीं, ‘या लोकांना घरें दिलीं तरी तीं विकून ते पुन्हां रस्त्यावर येतात.’ तसें करणारे कांहीं असतील. परंतु घर विकणारा मनुष्य बहुधा घराला कंटाळून विकीत नाहीं. तो विकतो तें काम दूर राहिलें म्हणून, वर्गणी थकली म्हणून, किंवा आजारपण ओढवलें म्हणून. ज्या कुटुंबांनीं वर्षानुवर्षें एकत्र बचत केली आणि जुने शेजारी सोबत घेऊन तीं नव्या इमारतींत गेलीं, त्यांना अडचणीच्या महिन्यांत हात द्यावयास कोणी तरी असतें. जेथें अनोळखी माणसें नुसत्या यादीच्या क्रमानें शेजारीं आणून बसविलीं जातात, तेथें जिना झाडण्यावरूनहि भांडण होतें. घर टिकतें तें विटांइतकेंच शेजारावर.

आणि जे तारखेच्या पलीकडे राहिले त्यांचें काय? १९९५ ची मुदत पुढें २००० पर्यंत वाढली. २०११ पर्यंतच्या झोंपडीवासीयांना पैसे भरून घर देण्याचेंहि ठरलें. पण तारीख कोठेंहि ठेवली तरी तिच्या दुसऱ्या दिवशीं येणारा मनुष्य असतोच. २०११ च्या जनगणनेंत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रींत उरकली गेली. ज्याला पोलिसांच्या भयानें रोज जागा बदलावी लागते, तो त्या एका रात्रीं कितपत सांपडला असेल, हें सुज्ञांनीं ताडावें. दर लाख शहरी वस्तीमागें किमान शंभर माणसांसाठीं कायम निवारा असावा, असा दंडक २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानानें घालून दिला. निवारा अवश्य हवा. तथापि रात्रीं आंत घेणें आणि सकाळीं बाहेर काढणें म्हणजे घर नव्हे. आणि निवाऱ्यांतून घरापर्यंत जाणारी पायरी आजवर कोणी नीट बांधलेली नाहीं.

पदपथ मोकळे असावेत, हें न्यायालयाचें म्हणणें रास्तच आहे. वृद्धांना आणि शाळकरी मुलांना चालण्यास जागा हवी. परंतु झोंपडी पाडल्यानें पदपथ मोकळा होत नाहीं. ती आठ दिवसांत शंभर पावलें पलीकडे पुन्हां उभी राहते, हें मुंबईनें अनेक वेळां पाहिलें आहे. भायखळ्याचे जे पदपथ खरोखर मोकळे झाले, ते तेथल्या बायकांना दुसरीकडे हक्काचें दार मिळालें तेव्हां झाले. हातोड्याला जें साधलें नाहीं तें किल्लीनें साधलें. मात्र त्या किल्लीसाठीं, मोजणीपासून धरलें तर, बायकांना पुष्कळ वर्षें वाट पाहावी लागली, आणि तेवढ्यांत पदपथावर जन्मलेलीं त्यांचीं मुलें स्वतः आईबाप झालीं. योजनेचा गुणदोष ठरवितांना खोल्या किती बांधल्या हें तर मोजावेंच. पण त्या खोलीच्या दाराशीं पोंचतांना माणसाचीं किती वर्षें खर्ची पडलीं, हेंहि त्याच पानावर मांडलें पाहिजे.