शेजाऱ्यास आधीं कळवावें

घर मालकाचें असतें. परंतु त्याच्या अंगणांत पडणारें ऊन आणि खिडकींतून येणारा वारा शेजारी काय बांधतो यावर अवलंबून असतात. म्हणूनच स्वतःच्या जागेंत काय बांधावें, हा प्रश्न एकट्या मालकाचा राहत नाहीं.

अमेरिकेंतील शहरांनीं या प्रश्नास कायद्यानें उत्तर देण्याचा प्रयत्न केला. १९१५ सालीं न्यूयॉर्कमध्यें इक्विटेबल बिल्डिंग ही प्रचंड इमारत पुरी झाली आणि तिची सावली आसपासच्या इमारतींवर पसरली. पुढच्याच वर्षीं त्या शहरानें इमारतींची उंची, आकार व वापर यांवर विभागवार निर्बंध घातले. १९२६ सालीं ओहायो राज्यांतील यूक्लिड गांवाच्या खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें अशा निर्बंधांस मान्यता दिली.

परंतु नियम झाला म्हणजे तो कायमचा राहतो असें नाहीं. एखादा मालक आपल्या निवासी जागेंत दुकानें काढण्याची परवानगी मागतो. शेजाऱ्यानें तर जुन्या नियमावर विसंबून आयुष्याची पुंजी आपल्या घरांत घातलेली असते. त्याच्या नकळत नियम बदलला, तर आपण फसविले गेलों असें त्यास वाटल्यावांचून राहत नाहीं. म्हणून अमेरिकन सरकारच्या व्यापारखात्यानें १९२६ सालच्या आपल्या नमुना कायद्यांत दोन गोष्टी घातल्या. पहिली, बदलापूर्वी जाहीर सुनावणी व्हावी आणि तिची वेळ व स्थळ किमान १५ दिवस आधीं वृत्तपत्रांत प्रसिद्ध व्हावें. दुसरी, लगतच्या ठराविक पट्ट्यांतील २० टक्के जमिनीच्या मालकांनीं लेखी विरोध केल्यास नगरसभेच्या तीन-चतुर्थांश सभासदांच्या मतांवांचून तो बदल अमलांत येऊं नये.

पहिल्या गोष्टीस सहसा कोणी नांवें ठेवीत नाहीं. दुसरीबद्दल मात्र वाद आहे. शेजाऱ्याचें म्हणणें ऐकणें वेगळें आणि त्याच्या हातीं अडसर देणें वेगळें. नवीं घरें ज्यांना हवीं असतात ते सुनावणीस हजर नसतात. ते अद्याप तेथें राहावयास आलेलेच नसतात. उत्तर कॅरोलायना राज्यानें २०१५ सालीं हा विरोधाचा विशेष अधिकार रद्द केला. सूचना व सुनावणी मात्र ठेवली.

महाराष्ट्रांतही १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या ३७ व्या कलमान्वयें विकास योजनेंत फेरफार करावयाचा झाल्यास राजपत्रांत सूचना देऊन एक महिन्याच्या मुदतीनें हरकती मागवाव्या लागतात, आणि ज्यांस त्याची झळ पोहोंचते त्यांस नोटीसही द्यावी लागते. परंतु राजपत्र किती घरांत वाचलें जातें? आणि नोटीस हातीं पडते तेव्हां तिच्या भाषेंतच भांडणाचा वास येतो.

यास्तव अर्ज देण्यापूर्वींच मालकानें नकाशा घेऊन शेजाऱ्याकडे जावें. भिंत किती उंच होणार, खिडकी कोठें उघडणार, सांडपाणी कोठून जाणार, काम किती महिने चालणार, एवढें सांगावें. शेजाऱ्यानेंही आपलें नुकसान काय तें नेमकें सांगावें. नुसती नावड ही हरकत नव्हे. कागदावरील खिडकी हातभर सरकविण्यास एक खोडरबर पुरतें. भिंत उभी राहिल्यावर त्याच खिडकीसाठीं कचेरीच्या पायऱ्या वर्षानुवर्षें झिजवाव्या लागतात.