समुद्र एक, गाऱ्हाणी एक. मग अर्ज निराळे का?
(किनारपट्टीवरील नागरिकांच्या सभेत केलेले भाषण)



किनाऱ्यावरील नगरांनी आपल्या समाईक प्रश्नांसाठी एकत्र यावे काय, आणि यावे तर कोणत्या रीतीने, या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली आहे. एकीचे गोडवे आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकले आहेत. तरीही डहाणूपासून कारवारपर्यंतची आमची नगरे सरकारदरबारी एकेकटी जातात आणि एकेकटीच रिकाम्या हाताने परततात. म्हणून आज गोडवे बाजूस ठेवून हिशेब मांडू.

प्रथम आमची स्थिती पाहा. बांगड्याचा थवा मालवणासमोरून निघून गोव्याच्या पाण्यात शिरतो आणि तेथून कारवाराकडे सरकतो, तेव्हा त्याला कोणी परवाना विचारीत नाही. माणसांनी मात्र तेच पाणी वाटून घेतले आहे. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे 22 किलोमीटरपर्यंत, मासेमारीचे नियमन राज्याकडे. त्यापलीकडे ते केंद्राकडे. गोव्याचा कायदा 1980 चा, महाराष्ट्राचा 1981 चा, कर्नाटकाचा 1986 चा. महाराष्ट्राने फेब्रुवारी 2016 मध्ये पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले. प्रखर दिव्यांच्या झोतात मासळी ओढून घेण्याची पद्धत केंद्राने नोव्हेंबर 2017 मध्ये आपल्या हद्दीत बंद केली. नियम आहेत, पण एका राज्याने नियम कडक केला आणि शेजारच्याने ढिला ठेवला, तर कडक राज्याचा रापणकार उपाशी राहतो आणि मासळी तर वाचतच नाही.

आणि आमच्या नगरपालिका? 1992 च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरांना अठरा विषयांची यादी मिळाली. तीत रस्ते आहेत, पाणीपुरवठा आहे, स्मशाने आहेत, कोंडवाडेही आहेत. मात्र बंदर आणि मासेमारी ही नावे नाहीत. ज्या नगराचा संसार समुद्रावर चालतो, त्याला समुद्राविषयी फक्त विनंती करता येते. विनंती एकट्या नगराची असली की तिचे मोल किती, हे आपणांस सांगावयास नको.

अशा स्थितीत सापडलेली नगरे जगात आपणच पहिली नव्हे. उत्तर युरोपात बाल्टिक समुद्राच्या काठी ल्यूबेक नावाचे नगर आहे. त्याच्यासमोर स्कोने येथील किनाऱ्यावर हेरिंग मासळी अमाप मिळे. पण मासळी खारवण्यास मीठ हवे, आणि ते ल्यूनेबर्गच्या खाणींतून यावयाचे. पलीकडे एल्बे नदीवर हँबर्ग; त्याची तोंडमिळवणी दुसऱ्या समुद्राशी. मधल्या वाटेवर लुटारू. 1241 साली या दोन नगरांनी ती वाट राखण्याचा करार केला. मीठ, मासळी आणि वाट, एवढाच त्याचा जीव! पुढे अनेक नगरे या मेळ्यात आली आणि त्याला हान्सा हे नाव पडले. 1356 साली या नगरांच्या प्रतिनिधींची पहिली सर्वसाधारण सभा ल्यूबेक येथे भरली.

या संघाजवळ खडे सैन्य नव्हते, लिखित घटना नव्हती, कायमचा खजिनाही नव्हता. तरी 1361 साली डेन्मार्कच्या वाल्देमार राजाने गॉटलंड बेटावरील व्हिस्बी नगर घेतले, तेव्हा 1367 साली कोलोन येथे नगरांनी एकजूट करून युद्ध पुकारले. 1370 च्या स्ट्राल्झुंडच्या तहाने त्यांना व्यापाराचे हक्क परत मिळाले आणि स्कोनेच्या किनाऱ्यावरचे चार किल्ले पंधरा वर्षांपुरते त्यांच्या ताब्यात आले. एका राजाला नगरांनी तह करावयास लावले!

हे कसे साधले? एक तर समाईक प्रश्न त्यांनी थोडे ठेवले. बाकी कारभारात प्रत्येक नगर आपले आपण मुखत्यार. दुसरे, सभेचा ठराव प्रतिनिधीने घरी नेऊन आपल्या नगरसभेपुढे मांडावयाचा, म्हणजे पुढाऱ्यांची एकी नगराच्या गळी उतरावयाची. तिसरे, फुटणाऱ्यास शासन. 1284 साली नॉर्वेची नाकेबंदी ठरली असता ब्रेमेन नगराने अंग काढून घेतले; त्याला बाहेर काढण्यात आले आणि 1358 पर्यंत ते बाहेरच राहिले.

परंतु या इतिहासाची दुसरी बाजू लपविणे बरे नव्हे. हान्सा ही पेढीवाल्यांची एकी होती. जाळे ओढणाऱ्याला तीत जागा नव्हती. आणि नगरांचे स्वार्थ जसजसे निराळे झाले, तसतशी सभेतील उपस्थिती रोडावली. 1669 साली शेवटची सभा भरली, तेव्हा जेमतेम नऊ नगरे आली. त्याच समुद्राच्या काठी 1991 साली ग्दान्स्क येथे 32 नगरांनी नवा संघ स्थापिला. त्यात निरनिराळ्या राष्ट्रांची आणि भाषांची नगरे आहेत आणि त्यांच्या काळजीचा मोठा विषय समुद्राच्या पाण्याचे प्रदूषण हा आहे.

आता घराकडे वळू. मे 2021 मधील तौक्ते वादळ केरळ, कर्नाटक, गोवा, कोकण असे काठाकाठाने चढत गुजरातेवर जाऊन आदळले. त्याच्या आदल्या वर्षी, 3 जून 2020 रोजी, निसर्ग वादळाने श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडील नारळीपोफळीच्या वाड्या झोपविल्या. पोफळ नव्याने लावून उत्पन्नास येण्यास वर्षे लागतात, पण भरपाईचे पंचनामे तालुक्यातालुक्याने आणि त्यांचा पाठपुरावाही गावागावाने निराळा!

धुपेचे उदाहरण तर याहून बोलके आहे. लाटा किनाऱ्यालगत वाळू वाहून नेत असतात. एका गावाने समुद्रात आडवा बांध घातला, तर त्याच्या एका अंगाला वाळू साचते आणि दुसऱ्या अंगाच्या शेजाऱ्याची वाळू तुटते. म्हणजे स्वतंत्रपणे मागितलेला बंधारा मंजूर झाला, तरी तो शेजाऱ्याच्या दारात समुद्र आणून सोडू शकतो. येथे एकी न करणे हे नुसते दुबळेपण राहत नाही, तो शेजाऱ्यावरचा अन्याय होतो.

कोणी म्हणेल, तीन राज्यांच्या नगरांचे जुळावयाचे कसे? कोकण रेल्वेकडे बोट दाखवू. दशकानुदशके किनारा ती मागत राहिला. बॅरिस्टर नाथ पै आणि मधु दंडवते यांनी हा प्रश्न लोकसभेत लावून धरला. 1990 साली महामंडळ स्थापन झाले, तेव्हा रेल्वे मंत्रालयाने 51 टक्के, महाराष्ट्राने 22, कर्नाटकाने 15, आणि गोवा व केरळ यांनी प्रत्येकी 6 टक्के भांडवल उचलले. 26 जानेवारी 1998 पासून संपूर्ण मार्गावर गाडी धावू लागली. रुळांसाठी जमले ते पाण्यासाठी का जमू नये?

आणखी एक शंका आमच्याच मंडळींच्या मनात आहे. कारवारच्या मराठी माणसाने कर्नाटकातील नगरांबरोबर अर्ज केला, तर सीमाप्रश्नावरची त्याची बाजू ढिली पडेल काय? आम्ही स्पष्ट सांगतो, पडणार नाही. भाषिक हक्काची मागणी ही हक्काची मागणी आहे. 2004 साली महाराष्ट्राने ती सर्वोच्च न्यायालयात नेली आहे. मासळी आणि धूप यांसाठी शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावल्याने तिचे एक अक्षरही पुसले जात नाही. उलट, जो आपल्या दर्यावर्दी बांधवाच्या चुलीची काळजी वाहत नाही, त्याच्या भाषाप्रेमावर तो बांधव विश्वास का ठेवील?

बेळगावकरांनीही हा प्रश्न परका मानू नये. त्यांच्या बाजारातील मासळी घाट चढून याच किनाऱ्यावरून येते.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. तीनच विषय घ्यावेत: तिन्ही राज्यांत मासेमारीचे सारखे नियम आणि समाईक गस्त, संपूर्ण किनाऱ्याचा एकत्र अभ्यास झाल्यावाचून कोठेही बांध न घालणे, आणि वादळाच्या भरपाईचे सर्वांना एकच माप. प्रत्येक नगरपालिकेने आणि किनाऱ्यावरील ग्रामपंचायतीने यावर आपापल्या सभेत ठराव करावा. दरवर्षी नारळी पौर्णिमेनंतर पाळीपाळीने एका नगरात बैठक भरावी, आणि तीत निम्म्या जागा प्रत्यक्ष जाळे टाकणाऱ्या आणि मासळी विकणाऱ्या स्त्रीपुरुषांना असाव्यात. पेढीवाल्यांची एकी आम्हांस नको आहे.

यात खर्च फारसा नाही. आपल्या गावाला परस्पर काही मिळत असता शेजाऱ्यासाठी थांबण्याचा संयम मात्र लागेल. तो आपल्यापाशी आहे की नाही, हे पहिल्या बैठकीला किती नगरे येतात यावरून कळेल. आपल्या गावचा माणूस तेथे गेला की नाही, एवढे आपण विचारीत राहावे, ही आमची आपणांस विनंती आहे.