सुई कोणाच्या हातात?

मरोळ-मरोशीच्या रस्त्याने आरे कॉलनीत शिरले, की शहर मागे पडते आणि तबेल्यांचा ओळखीचा वास येऊ लागतो. मुंबईच्या दूधपुरवठ्यासाठी १९४९ साली ही वसाहत उभी राहिली. तेव्हापासून या बाजूच्या लोकांना म्हशींची आणि त्यांच्या दुखण्यांची ओळख आहे.

आता एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. रात्रीचे अकरा वाजले आहेत. काल व्यालेली म्हैस बसली ती उठेना. कान थंडगार, मान कुशीकडे वळलेली. मरोळचाच एक मुलगा पशुवैद्यक महाविद्यालयात चौथ्या वर्षाला आहे आणि सुट्टीत एका डॉक्टरांच्या हाताखाली मदतनीस म्हणून जातो. मालक त्यालाच गाठतो. "डॉक्टर, तेवढी कॅल्शियमची बाटली लावून द्या. तुम्ही तर रोज बघता!"

मुलाने बाटली लावावी की नाही?

कायदा म्हणतो, नाही. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ याच्या तिसाव्या कलमानुसार पशुवैद्यकाचा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करावयाचा. जनावराच्या आरोग्याच्या दाखल्यावर सहीही त्यानेच करावयाची. या कलमात एक सवलत आहे. पदविका किंवा प्रमाणपत्र घेतलेल्या पशुधन पर्यवेक्षकासारख्या माणसाला राज्य सरकार किरकोळ सेवेची परवानगी देऊ शकते. लस टोचणे, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी अशी ही कामे. आणि तीही नोंदणीकृत डॉक्टरांच्या देखरेखीखाली. विद्यार्थ्याचे नाव या सवलतीत नाही.

तुम्ही म्हणाल, ही तर उलटी तऱ्हा झाली! चार वर्षे शिकलेल्या मुलाला पर्यवेक्षकाइतकीही मुभा नसावी? तक्रार खोटी नाही. पण इथे कायदा विद्येचे माप घेत नाही. चूक झाली तर जाब कोणाला विचारायचा, एवढेच तो पाहतो. नोंदणीकृत डॉक्टरांचे नाव परिषदेच्या नोंदवहीत असते. हयगय केली तर ते तिथून काढून टाकता येते. विद्यार्थ्याचे नाव अजून त्या वहीत चढलेलेच नाही, मग खोडणार काय?

आणि चूक होऊ शकते. आपल्या म्हशीचेच पाहा. तिची लक्षणे दुग्धज्वराची दिसतात. नावात ज्वर असला तरी यात अंग तापत नाही, उलट गार पडते. कारण रक्तातले कॅल्शियम उतरलेले असते. कॅल्शियम शिरेतून दिले की पुष्कळदा म्हैस तासाभरात उठून उभी राहते. पाहणाऱ्याला ती जादू वाटते. पण तेच औषध घाईने सोडले तर हृदयाची लय बिघडते आणि जनावर जागीच दगावते. म्हणून डॉक्टर बाटली सावकाश सोडतात आणि एक कान हृदयाच्या ठोक्याकडे ठेवतात. मुलाने बाटली दहा वेळा पाहिली असेल. तो कान मात्र सरावाशिवाय येत नाही.

हा सराव कोठे मिळतो? त्याची सोय अभ्यासक्रमातच केलेली आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे हा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे. साडेचार वर्षे शिक्षण आणि शेवटचे एक वर्ष आंतरवासिता, म्हणजे इंटर्नशिप. आंतरवासितेसाठी राज्य परिषदेकडे तात्पुरती नोंदणी होते. तेव्हाही उपचार करावयाचे ते अधिकारी डॉक्टरांच्या नजरेखाली. स्वतःच्या सहीने दाखले द्यावयाचे नाहीत. पदवी हाती आल्यावर कायम नोंदणी. महाराष्ट्राची परिषद नागपुरास आहे.

विलायतेत वाट थोडी निराळी आहे. तेथे शिकण्याच्या काळातच विद्यार्थ्याला नियमांच्या चौकटीत जनावर तपासता येते, उपचारही करता येतात. पण तेही डॉक्टरांच्या सांगण्यावरून, आणि शस्त्रक्रिया असली तर डॉक्टर शेजारी उभे हवेत. म्हणजे सूत्र तेच. शिकाऊ हातामागे जबाबदार माणूस हवा.

मग आपल्या मुलाने त्या रात्री हात बांधून बसावे काय? मुळीच नाही. त्याने आधी डॉक्टरांना फोन लावावा. म्हैस कधी व्याली, कधीपासून बसली, शुद्ध कितपत आहे, पोट फुगले आहे काय, हे नेमके सांगावे. ती एका कुशीवर आडवी पडली असेल तर छातीवर बसती करून दोन्ही बाजूंना पेंढ्याची पोती लावावीत. नाहीतर पोट फुगते. आणि मालक नाळीने तोंडातून काही पाजू लागला तर त्याचा हात धरावा, कारण अशा जनावराला गिळता येत नाही; औषध फुप्फुसात उतरते. डॉक्टर येईपर्यंत एवढे केले, तरी पुष्कळदा जनावर हाती लागते.

दवाखान्यातही असेच. जनावर धरणे, वजन घेणे, नोंदी लिहिणे, स्वच्छता राखणे, पाहणे आणि विचारणे या मदतीला कोणताही परवाना लागत नाही. रोग ठरवणे, औषध लिहिणे, चाकू धरणे ही कामे निराळी.

शेवटी एक शब्द जनावरांच्या मालकांना. शिकाऊ मुलाला हौसेने "डॉक्टर" म्हणू नका. त्या एका हाकेने त्याचा पाय घसरतो. सुई टोचण्याआधी विचारा, "तुमचे डॉक्टर कोण? त्यांचा नोंदणी क्रमांक काय?" खऱ्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही. आणि जो मुलगा सरळ सांगतो, "मी अजून शिकतो आहे, डॉक्टरांना बोलावतो", त्याला घरी परत पाठवू नका. चहा द्या आणि डॉक्टर येईपर्यंत म्हशीपाशी बसू द्या. उद्याचा चांगला डॉक्टर असाच तयार होतो.