‘मला अजून काहीच येत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी: नांदेड-लातूरमधून डिजिटल मार्केटिंगची सुरुवात

कुणी बसमध्ये असेल, कुणी अभ्यासिकेच्या बाहेर चहा घेत असेल, कुणी दुकानाच्या गल्ल्यावर बसून ऐकत असेल. ज्यांना ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर नेहमीसारखा इथे देतोय. भाषा बोलण्यातलीच ठेवली आहे, सांभाळून घ्या.

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. शब्द वेगवेगळे असतात, पण प्रश्न एकच: “दादा, डिजिटल मार्केटिंग करायचंय, पण कॉन्फिडन्सच येत नाही.” लातूरहून लिहिणारी मुलं बरीचशी नीट रिपीट केलेली असतात. दोन वर्षं गेली, घरचे काही बोलत नाहीत, पण त्यांचं ते न बोलणंच जड होतं. नांदेडकडून लिहिणाऱ्यांत घरचं छोटं दुकान असलेले जास्त. गिऱ्हाईक ऑनलाइन चाललंय हे त्यांना दिसतंय, पण वडिलांना समजवायचं कसं हे कळत नाही. आणि दोघांच्याही मोबाईलवर रोज एक जाहिरात येते: आमचा कोर्स घ्या, तीन महिन्यांत लाखात कमवा.

म्हणून हा विषय मला महत्त्वाचा वाटतो. ज्याला स्वतःवर भरवसा नसतो, त्याला भरवसा विकत देणारे लगेच भेटतात.

भीती नेमकी कशाची आहे?

मी या मेसेजमधून तीन भीती वेगळ्या काढल्या. पहिली, “मला काही येत नाही.” दुसरी, “लोक काय म्हणतील?” स्टेटसला काही टाकलं की फॅमिली ग्रुपवर मामा विचारणार, हे काय नवीन काढलंस? तिसरी भीती कुणी उघड सांगत नाही, पण असते: “आपण इकडचे. पुण्या-मुंबईच्या पोरांसारखं आपल्याला बोलता येत नाही.”

तिसरीपासूनच सुरू करू. “काय करूलालास?” असं आपण विचारतो. ही आपली बोली आहे. आणि तुमचं गिऱ्हाईक कोण आहे? अर्धापूरचा केळीवाला, उदगीरचा दुकानदार, औशाच्या ताई. त्यांना तुमचं बोलणं समजतं, कारण ते तुमच्यासारखंच बोलतात. व्हिडिओच्या नावात आणि प्रॉडक्टच्या माहितीत शुद्धलेखन नीट ठेवा, ते ठेवायलाच पाहिजे. बोलताना मात्र उसनी भाषा आणू नका. ती दोन मिनिटांत उघडी पडते.

आजींना यूट्यूब येत होतं का?

आता पहिली भीती. “मला काही येत नाही.” इथं मला सुमन धामणे आठवतात. ‘आपली आजी’ हा चॅनेल तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी बघितला जातो. अहिल्यानगर, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातलं सारोळा कासार हे त्यांचं गाव. नातू यशने पावभाजी करायला सांगितली. आजींना ती येत नव्हती, म्हणून त्याने मोबाईलवर रेसिपीचे व्हिडिओ दाखवले. ते बघून आजींचं मत पडलं की यापेक्षा चांगलं तर आपण करू! त्यातून चॅनेलची कल्पना निघाली. तेव्हा आजींनी सत्तरी गाठलेली होती.

नीट बघा. आजींना इंटरनेट येत नव्हतं, स्वयंपाक येत होता. कित्येक वर्षांचा हात होता. नातवाला स्वयंपाक येत नव्हता, मोबाईल येत होता. दोघांनी आपापलं आणलं. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये त्यांचा चॅनेल हॅक झाला आणि काही दिवसांनी परत मिळाला. पण त्या दिवसांतही एक गोष्ट कुणालाच चोरता आली नसती, ती म्हणजे आजींच्या हाताची चव.

दुसरं नाव आपल्या मराठवाड्यातलंच. दादासाहेब भगत, बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातले. पुण्यात इन्फोसिसमध्ये ऑफिस बॉयचं काम केलं, नोकरी सांभाळून ग्राफिक्स आणि ॲनिमेशन शिकले. लॉकडाऊनमध्ये गावी आले, तेव्हा टेकडीवरच्या गुरांच्या शेडमधून काम चालवलं, कारण रेंज तिथं चांगली होती. २०२४ मध्ये त्यांची डिझाइन कंपनी शार्क टँक इंडियात पोहोचली. लोकांना शेवटचा एपिसोड आठवतो. त्याआधी कित्येक वर्षं ते एक कसब शिकत होते, हे मात्र आपण विसरतो.

तर माझं म्हणणं एवढंच आहे: कॉन्फिडन्स दोन ठिकाणांहून येतो. एक, जे तुम्हाला आधीपासून माहीत आहे त्यातून. दोन, जे तुम्ही स्वतः करून, मोजून बघितलंय त्यातून. तिसरं ठिकाण मला तरी माहीत नाही.

तुम्हाला काय माहीत आहे, याची यादी करा

तुम्ही म्हणाल, आम्हाला काय माहीत आहे? भरपूर.

नांदेडला हजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला पंजाबमधून किती लोक येतात, हे तुम्ही लहानपणापासून बघताय. सचखंड एक्स्प्रेस थेट अमृतसरहून येते. माणूस स्टेशनवर उतरतो, मोबाईल काढतो आणि हिंदीत किंवा इंग्रजीत शोधतो: जवळ नाश्ता कुठे, खोली कुठे, मेडिकल कुठे. तुमच्या ओळखीच्या हॉटेलवाल्याचं नाव मॅपवर फक्त मराठीत असेल, फोटो नसेल, वेळ चुकीची असेल, तर तो माणूस पुढच्या दुकानात जाणार. पुण्यात बसलेल्या एजन्सीला हे सुचायला वेळ लागेल. तुम्हाला ते रस्त्यावरून चालताना दिसतं.

लातूरचं बघा. दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या जिल्ह्यांतले आईबाप ‘लातूर पॅटर्न’साठी मुलांना घेऊन येतात. ते काय शोधतात? मुलींचं हॉस्टेल, घरगुती मेस, अभ्यासिका, क्लासपासून चालत किती अंतर. ज्याने स्वतः दोन वर्षं मेसचं जेवण खाल्लंय, त्याला माहीत असतं की आईचा पहिला प्रश्न पैशांचा नसतो. ती विचारते, पाणी कसं आहे, रात्री दार किती वाजता बंद होतं. या प्रश्नांची उत्तरं ज्या हॉस्टेलच्या पेजवर सापडतील, तिथला फोन आधी वाजेल. म्हणजे नीटमध्ये गेलेली तुमची दोन वर्षं या कामात वाया गेलेली नाहीत!

लातूरकरांनो, गंजगोलाईत तुम्ही कितीदा उभे राहिलात? मधोमध गोल इमारत आणि चारी बाजूंना सोळा रस्ते. कापड एकीकडे, सोनं एकीकडे, भाजी एकीकडे. नवा माणूस मधे उभा राहून गोंधळतो. डिजिटल मार्केटिंगचंही असंच आहे. एसईओ, इन्स्टा रील्स, फेसबुक जाहिराती, ईमेल, ॲफिलिएट, यूट्यूब. सगळं एकदम शिकायला गेलात तर मधेच गरगरत राहाल. एक रस्ता धरा आणि शेवटच्या दुकानापर्यंत चालत जा.

पहिले तीस दिवस

माझ्या मते पहिला रस्ता असा. ओळखीचं एकच दुकान घ्या: काकांचं किराणा, मावशीची शिवणकामाची जागा, मित्राची मेस. एकच.

पहिलं काम, गूगल बिझनेस प्रोफाइल. फुकट आहे. मालकाच्याच जीमेलवरून उघडा, त्यांना मालक ठेवा आणि स्वतःला मॅनेजर म्हणून जोडून घ्या. उद्या तुम्ही काम सोडलं तरी दुकान त्यांच्याच ताब्यात राहतं, आणि ही गोष्ट आधीच सांगितली की त्यांचा तुमच्यावर विश्वास बसतो. गूगल पडताळणी मागतं, कधी फोनवरून, कधी दुकानाचा व्हिडिओ काढून. मग योग्य कॅटेगरी, खरी वेळ, चालू फोन नंबर आणि दिवसाउजेडी काढलेले दहा चांगले फोटो.

दुसरं, व्हॉट्सॲप बिझनेस. कॅटलॉगमध्ये वस्तू आणि भाव टाका. ब्रॉडकास्ट लिस्ट करताना लक्षात ठेवा: एका यादीत २५६ नंबर बसतात, आणि ज्यांनी दुकानाचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोहोचतो. म्हणून गल्ल्यावर एक पाटी लावा, “नंबर सेव्ह करा, नवा माल आला की कळवू.” साधी पाटी, पण मार्केटिंग इथूनच सुरू होतं.

तिसरं, शंभर पानी वही. दर रविवारी प्रोफाइलवरचे आकडे लिहा: किती जणांनी बघितलं, किती जणांनी फोन केला, किती जणांनी रस्ता विचारला. मोंढ्यात आडत्या तुरीचा भाव कसा सांगतो? पोत्यात हात घालतो, मूठभर दाणे तळहातावर घेतो, बघतो, मग बोलतो. त्याचा कॉन्फिडन्स त्या मुठीत असतो. आपली मूठ म्हणजे ही वही.

पैसे देऊन जाहिरात महिनाभरानंतर. आणि हिशोब आधी कागदावर. समजा रोज १०० रुपये, पाच दिवस, म्हणजे ५०० रुपये. ४० जणांनी मेसेज केला, तर एक चौकशी साडेबारा रुपयांना पडली. त्यातले ४ गिऱ्हाईक झाले, तर एक गिऱ्हाईक १२५ रुपयांना. आता मालकाला विचारा, एका गिऱ्हाइकामागे तुम्हाला किती सुटतात? २०० सुटत असतील तर जाहिरात चालू ठेवायची. ५० सुटत असतील आणि गिऱ्हाईक परत येणार नसेल, तर बंद करायची. इतकंच गणित आहे. ते तुम्ही समोर बसून मांडलं, की तुमचं वय कुणी विचारत नाही.

नवखे आहात, ते सांगा

पुष्कळ जण विचारतात, मालकासमोर अनुभवी असल्यासारखं वागू का? गरज नाही. सरळ सांगा: “काका, मी नवीन आहे. महिनाभरात या तीन गोष्टी करून देतो, दर रविवारी आकडे दाखवतो. पटलं तर पुढच्या महिन्यापासून पैशाचं बोलू.” न येणारं काही विचारलं तर म्हणा, “बघून उद्या सांगतो.” आणि उद्या खरंच सांगा. या एका सवयीवर माणसांचे धंदे उभे राहतात.

दोन गोष्टी मात्र कधी कबूल करू नका. “गूगलवर पहिल्या नंबरवर आणतो” ही गॅरंटी देऊ नका. अशी खात्री कुणीच देऊ शकत नाही, असं गूगल स्वतः सांगतं. आणि मित्रांकडून खोटे रिव्ह्यू लिहून घेऊ नका, ते नियमाविरुद्ध आहे. खऱ्या गिऱ्हाइकाचा एक रिव्ह्यू, त्यात दुकानातल्या वस्तूचं नाव असलेला, फार कामाचा असतो.

विकतचा कॉन्फिडन्स

आता त्या जाहिरातींबद्दल. रीलमध्ये गाडी, कमाईचे स्क्रीनशॉट, मागे मोठ्यानं संगीत. पैसे भरण्याआधी तीनच प्रश्न विचारा. हा माणूस हा कोर्स विकण्याव्यतिरिक्त कुणाचं मार्केटिंग करतो? मला कमाई कशातून होणार, काम करून की हाच कोर्स पुढे दुसऱ्याला विकून? आणि आत्ताच भरा, आज रात्री ऑफर संपते, अशी घाई का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर “पुढे विकून” असेल, तर तिथून उठा. तुमच्या वर्गमित्रालाच गळाला लावायची ती तयारी असते.

गूगलचं स्किलशॉप आणि मेटाचं ब्लूप्रिंट इथं शिकायला पुष्कळ काही फुकट आहे. आधी ते संपवा. पैसे भरून चांगलं शिकवणारेही आहेत, नाही असं नाही. पण उसने पैसे काढून, आईचं सोनं ठेवून कुठलाही कोर्स घेऊ नका. आणि टेलिग्रामवर “लाईक करा, पैसे मिळवा, आधी थोडे भरा” असं कुणी सांगितलं तर तो फसवणुकीचा धंदा आहे. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

आणि लोक काय म्हणतील?

दुसरी भीती राहिली. म्हणतील की! सुरुवातीला मामा हसतील. पहिल्या रीलला तीस व्ह्यूज येतील, त्यातले पाच तुमचेच असतील. तीस हा आकडा लहान वाटतो, पण दुकानात तीस माणसं येऊन उभी राहिली असती तर जागा पुरली नसती. हे मनात ठेवा आणि पुढच्या रविवारी पुन्हा आकडा लिहा.

घरी भाषण देऊ नका, वही दाखवा. “बाबा, मागच्या महिन्यात दुकानाला मॅपवरून इतके फोन आले.” आपल्या वडिलांच्या पिढीला रील कळत नसेल, हिशोब चांगला कळतो. आणि जे अजून परीक्षेच्या तयारीत आहेत त्यांनी पुस्तकं बंद करायची नाहीत. रोज एक तास द्या, बाकी दिवस अभ्यासाचा.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या गल्लीतली पाच दुकानं मॅपवर शोधा. कुणाची वेळ चुकली, कुणाचा फोन लागत नाही, कुणाला फोटोच नाहीत, ते लिहा. त्यातल्या एकाकडे चहाच्या वेळेला जा. गिऱ्हाइकांच्या गर्दीत नको, दुपारी चारला. आणि काय झालं ते मला मेसेज करून सांगा. नाही म्हणाले तरी सांगा, पुढच्या भागात त्यावर बोलू.

चला, येतो मंडळी. काळजी घ्या.