वर्गीकरणाच्या शेडला लागून



थेट मुद्द्यावर येतो, कारण डिझायनरांच्या या सभेत दुपारी एक ठराव यायचा आहे. टाकाऊ मालातून वस्तू घडवणाऱ्यांसाठी पुण्यात एक सामायिक कार्यशाळा उभारावी, असा तो ठराव. माझा त्याला पाठिंबा आहे. मात्र सोबतचा आराखडा पाहून मी चरकलो. टेबलेच टेबले, मीटिंगची खोली, कॉफीचा कोपरा, वायफाय. आणि माल ठेवायला एक कपाट!

या आराखड्यात रॉटरडॅमच्या ब्लूसिटीचा दाखला दिला आहे. चांगला आहे, पण अर्धाच वाचला आहे. मास नदीकाठी ट्रॉपिकाना नावाचे जलक्रीडागृह होते. ते १९८८ मध्ये उघडले आणि २०१० मध्ये बंद पडले. त्याच रिकाम्या वास्तूत पुढे ब्लूसिटी उभी राहिली आणि लहान उद्योग आले. कोणी कॉफीच्या चोथ्यावर धिंगरी अळिंबी घेऊ लागले. कोणी बाजारात न खपलेल्या आंब्यांचा गर पसरून, वाळवून चामड्यासारखे तक्ते केले. (आपल्या कोकणात आंबापोळी घालणाऱ्या बायकांना यात फारसे नवल वाटणार नाही. पिशव्या शिवायचे तेवढे त्यांना सुचले नव्हते.) तिथे एकाचे उरलेले दुसऱ्याला कच्चा माल म्हणून चालते. तेव्हा भाडे वाटून घेण्यापेक्षा शेजारी कोण येणार, हा प्रश्न मोठा. सगळेच ग्राफिक डिझायनर आले, तर एकमेकांना देणार काय? रद्दी?

आता पुण्याकडे या. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना इथे १९९३ पासून आहे आणि कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेबरोबर काम करते आहे. त्यांच्या वर्गीकरणाच्या शेडमध्ये तासभर उभे राहा. दुधाची पिशवी एका ढिगात जाते, कारण ती एकाच जातीच्या प्लास्टिकची असते आणि तिला भाव येतो. वेफर्सचे चकचकीत पाकीट बाजूला पडते, कारण त्याचे थर सुटे होत नाहीत आणि भंगारवाला ते घेत नाही. हे तिथे माल निवडणाऱ्या बाईंच्या हाताला कळते. बोहारणीचेही तेच: साडी चिमटीत धरली की सुती किती, भेसळ किती, तिला समजते. आपण मात्र मटेरियल लायब्ररीसाठी सल्लागार नेमतो.

आपल्या कामावरही बोलायला हवे, कारण सभागृहाबाहेरचे प्रदर्शन मी पाहिले. तिथली एक पिशवी: जुन्या जीन्सला फोम, फोमला रेक्झिन, सगळे डिंकाने पक्के, वर ‘पर्यावरणपूरक’ असे लेबल. ही पिशवी फाटली की तिचे काय करणार? जीन्सचे निदान पुसायचे फडके झाले असते. म्हणजे जे सुटे होते, ते आपण वेफर्सच्या पाकिटासारखे करून ठेवले. आपल्या आज्यांची गोधडी जुन्या लुगड्यांची, धोतरांची. थर धावदोऱ्याने धरलेले. दोरा ओढला की कापड पुन्हा मोकळे. कौतुक मी तिच्या रंगांचे करत नाही, तिच्या उसवता येण्याचे करतो. प्रदर्शनाच्या परीक्षकांनी यापुढे बक्षीस देण्याआधी वस्तू उसवून पाहावी, अशी माझी सूचना आहे. काही मंडळी नाराज होतील, होऊ द्या.

तेव्हा ठरावात पुढील दुरुस्ती हवी. जागा वर्गीकरणाच्या शेडला लागून घ्यावी, मग ती कितीही आडबाजूला असो. तळमजला मालाला द्यावा: वजनकाटा, धुण्याची टाकी, वाळवायला मोकळे अंगण, आणि कातरण, बारदान, पत्रा यांचे वेगवेगळे कप्पे. टेबले उरलेल्या जागेत मावतील तेवढी. कार्यशाळेच्या व्यवस्थापन समितीत कचरावेचक, शिंपी आणि भंगारवाले यांना मताधिकारासह जागा असाव्यात. माल पारखण्याच्या कामाला डिझाइन सल्लागाराच्या दरानेच मानधन मिळावे. या शेवटच्या वाक्यावर खजिनदारांच्या कपाळावर आठी पडलेली मला इथून दिसते आहे.

अध्यक्षाने, म्हणजे मी, दुरुस्ती मांडणे नियमात बसते का, हे कार्यवाहांनी जेवणाच्या सुट्टीत पाहून ठेवावे. बसत नसेल तर कोणा सदस्याने ती आपल्या नावावर मांडावी. मसुदा माझ्याकडे लिहून तयार आहे.