बन्नेरघट्ट्याची सहल



सहलीचा वृत्तान्त सांगावा, अशी आज्ञा झाली आहे. बन्नेरघट्टा शहराच्या दक्षिणेस जेमतेम वीस-बावीस किलोमीटरवर आहे. तरी तिथे पोहोचेपर्यंत बहुतेक डबे रिकामे झाले होते, हे मातांना सांगावयास हरकत नाही.

जाळ्या लावलेल्या बसमधून सफारी निघाली. चितळ, गवे पाहून गलका झाला. सिंह दिसताच सारी बस गप्प! सिंह मात्र सावलीत पडून होता. पाचवीतील एकाने विचारले, "बाई, जंगल तर शेजारीच आहे, मग ह्याला सोडत का नाहीत?"

प्रश्न मला मोलाचा वाटला. १९७४ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झालेले ते अरण्य हत्तींचे आहे. सिंहाचे घर दूर गीरमध्ये. शिवाय येथे सर्कशींतून सोडवून आणलेले सिंह-वाघही सांभाळले गेले. सर्कशीतले पुष्कळ सिंह आफ्रिकी व आशियाई संकराचे; त्यांना गीरमध्येही थारा नाही. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली मुंबईत पहिली भारतीय सर्कस उभारली, ह्याचा आपणांस अभिमान आहे आणि तो असावाच. पण १९९८ साली सिंह, वाघ, बिबटे, अस्वले व माकडे यांच्या खेळांवर सरकारने बंदी घातली आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, हेही त्याच कथेचे पुढचे पान आहे.

मुले सर्वाधिक रेंगाळली ती अस्वलांपाशी. दरवेशी पिल्लाच्या नाकाडातून तापलेली सळई घालून दोर ओवीत, दात पाडीत. दोराला हिसका बसला की अस्वल मागच्या पायांवर उभे राही, आणि आपण त्याला नाच म्हणत असू. अशा अस्वलांसाठी येथे निवारा केंद्र आहे. डिसेंबर २००९ मध्ये देशातील अखेरचे नाचणारे अस्वल म्हणून ओळखला गेलेला राजू येथेच आला. दात गेलेल्या, वारूळ फोडावयास कधी न शिकलेल्या प्राण्याला रानात सोडणे म्हणजे उपाशी मारणे. त्या बालकाला एवढे उत्तर मी दिले.

आता एक अडचण. आपल्या स्नेहसंमेलनातील दरवेशी-अस्वलाचा नाच किती जुना, हे येथील माजी विद्यार्थी जाणतातच. काहींनी ते कातडे स्वतः पांघरले आहे! मुले म्हणाली, तो नको. शिक्षकांत मतभेद झाला. दरवेशीही पोटासाठीच फिरत होता, त्याला खलपुरुष करणे मला मान्य नव्हते. त्या लोकांपैकी अनेकांना पुढे रिक्षा, दुकान अशा धंद्यांसाठी मदत मिळाली, असे मुलांना सांगितले. मग त्यांनीच नाटुकले बदलले: दरवेशी रिक्षा घेऊन येतो, अस्वल मागे ऐटीत बसते आणि मीटरवरून हुज्जत घालते.

तालीम शनिवारी आहे. कोणाकडे जुनी काळी घोंगडी असल्यास कृपया पाठवावी.